परतीच्या पाईपाचा हिशेब

कापडाच्या दुकानदाराने माशांच्या टाकीवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचक बंधू हसतील. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत मीही हसलो असतो. त्यानंतर मात्र एका रात्रीत सांडलेले पन्नासेक लिटर पाणी, सहा इंच खाली ठेवलेले एका पाईपाचे तोंड आणि कारागिराच्या मजुरीतून अडवलेले पंधराशे रुपये, या तीन गोष्टींचा हिशेब मला नव्याने मांडावा लागला. तो हिशेब आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या कामाचा आहे, म्हणून लिहितो आहे.

आमचे दुकान अर्जुनी मोरगावला आहे. धानाचा मुलूख आहे. धान निघाले की गिऱ्हाईक येते, लग्नसराईत येते, एरवी बाजाराच्या दिवशी. बायका साड्या पाहत असताना लहान मुले कंटाळून रडू लागतात आणि अर्धा सौदा तिथेच मोडतो, हा अनुभव प्रत्येक कापडवाल्याला आहे. नागपूरला गांधीबागेत एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर काचेची मोठी टाकी पाहिली. गिऱ्हाइकांची मुले काचेला नाक लावून तासभर गप्प बसलेली होती. त्याच दिवशी ठरवले की दुकानाची डागडुजी करताना आपल्याकडेही अशी टाकी बसवायची. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर.

एवढ्या टाकीला आत लटकवलेली छोटी गाळणी पुरत नाही. म्हणून टाकीच्या खाली कपाटात दुसरी टाकी ठेवतात. कारागीर तिला ‘संप’ म्हणतात. तिचे काम आमच्या तालुक्यातील माणसाला समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात, कारण आम्ही तलावांच्या काठी वाढलो. नवेगाव बांध घ्या किंवा गोठणगावजवळचे इटियाडोह घ्या, तलावाला सांडवा असतो. पाणी सांडव्याच्या वर चढले की आपोआप बाहेर पडते, खाली राहिले की पडत नाही. काचेच्या टाकीतही कोपऱ्यात एक उभा खण करून त्याची भिंत थोडी कमी उंचीची ठेवतात. तो सांडवा. तिथून पाणी पाईपाने खालच्या टाकीत उतरते, गाळले जाते, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हा जो वर चढवणारा पाईप, त्याला परतीचा पाईप म्हणू. उतरणारे पाणी आपल्या वजनाने उतरते. चढणाऱ्या पाण्याला मात्र वीज, पंप आणि अक्कल तिन्ही लागतात.

काम आमच्याच मोहल्ल्यातल्या एका तरुण नळ कारागिराला दिले. मुलगा हुशार, आयटीआयमधून नळकामाचा एक वर्षाचा कोर्स करून आलेला. त्याने मजुरी ४,५०० सांगितली. मी ३,००० वर आणली आणि मनातल्या मनात खूष झालो. काचेच्या भावात मी घासाघीस केली नव्हती, कारण काच गिऱ्हाइकाला दिसते. कपाटालाही चांगली प्लाय लावली, तीही दिसते. पाईप भिंतीमागे जाणार होता.

त्यानंतर मी त्याच्या कामात तीन वेळा तोंड घातले. घरी बांधकामातला अर्ध्या इंची पाईप उरला होता, तोच वापर म्हणालो. तो म्हणाला, “चाचा, पंपाचं तोंड पाऊण इंची आहे, पाईप एक इंची घेऊ द्या.” मी ऐकले नाही. परतीचे तोंड पाण्याच्या वरच्या बाजूला दिसत होते आणि खळखळ आवाज करत होते, ते मी सहा इंच खाली बुडवायला लावले, म्हणजे दिसायला नको. तेव्हाही तो म्हणाला, “वीज गेली तर पाणी उलटं येईल.” मी विचारले, काही उपाय नाही का? त्याने पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा एनआरव्ही लावून दिला. आणि खालची टाकी त्याला साडेतीन फुटी हवी होती, मी तीन फुटी घेतली, कारण कपाटात बिलबुकांना जागा हवी होती.

त्याने वीज बंद करून दाखवली. एनआरव्हीची झडप बसली, पाणी थांबले. मी समाधानाने पंधराशे दिले, पंधराशे नंतर देतो म्हणालो.

दोन महिने काही झाले नाही. दुकानाला इन्व्हर्टर आहे, तासाभराची वीज गेली तरी पंप चालू राहायचा. मुले गप्प बसत होती, सौदे होत होते. जूनमध्ये पावसाआधीचे वादळ आले, तारांवर झाडे पडली आणि रात्रभर वीज आली नाही. बॅटरी मध्यरात्रीच्या सुमारास संपली असावी. सकाळी शटर उघडले तर फरशीवर पाणी. वरची टाकी सहा इंच रिकामी, खालची काठोकाठ, आणि मागच्या खोलीत जमिनीवर ठेवलेले गठ्ठे भिजलेले.

कापड आणि पाणी यांचे नाते आपल्या धंद्यातल्यांना सांगायला नको. फरशीवर बोटभरच पाणी होते, पण सुती कापड दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढते. तिथे ना पंप लागतो ना पाईप. तळाचे ताग्याचे टोक भिजले की सकाळपर्यंत ओल तिसऱ्या-चौथ्या घडीपर्यंत चढलेली असते. लाल छपाईच्या साड्यांचा रंग खालच्या पांढऱ्या लठ्ठ्यावर उतरला. मांजरपाटाची खळ गेली, तो पोत्यासारखा झाला. दोन दिवसांत वास सुटला. काही माल वाळवून ‘पाण्याचा माल’ म्हणून निम्म्या भावाने काढला, काही शिलाईवाल्यांना अस्तरासाठी दिला. माल जमिनीवर ठेवला होता, चार इंचाच्या लाकडी पाटावर असता तर एक दोराही भिजला नसता. ती चूक माझी आणि जुनी. पण त्या सकाळी मला ती दिसली नाही. मला फक्त तो मुलगा दिसला.

मी त्याला दुकानासमोर, चार माणसांत बोललो. काम कच्चे केलेस, माल भिजवलास, उरलेली मजुरी विसर. तो एकदाच म्हणाला, “चाचा, मी सांगितलं होतं.” मी ते ऐकून घेतले नाही. लहान गाव आहे. संध्याकाळपर्यंत गोष्ट बसस्थानकापर्यंत गेली की अमक्याने टाकी बसवली आणि शेठचे दुकान बुडाले. त्याच महिन्यात त्याच्या हातचे एका घराचे काम दुसऱ्या कारागिराकडे गेले, हे मला फार उशिरा कळले.

मला हिशेब समजावला तो एका वृद्ध ढीवर गिऱ्हाइकाने. ते वर्षानुवर्षे आमच्याकडून धोतर नेतात. आयुष्य तलावात जाळे टाकण्यात गेलेले. रिकाम्या टाकीकडे पाहून त्यांनी विचारले, पाणी कुठून गेले? मी पाईपाचे तोंड दाखवले. ते हसले. “शेठ, सांडव्याच्या खाली तोंड ठेवलं तं तलाव तोंडापर्यंत रिकामा होनारच. पान्याला तुमचा पंप काय मालूम?”

एवढ्यात सगळे आले. मी उर्दू शाळेत शिकलो. सहावी-सातवीत आमच्या मास्तरांनी दोन पेले आणि एक रबरी नळी घेऊन हाच खेळ दाखवला होता, आणि पाणी आपली पातळी शोधते हे वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतले होते. डब्यातून घासलेट काढताना आपण नळी तोंडाने एकदा ओढतो, मग ते आपोआप वाहत राहते, नळीचे वरचे टोक उघडे पडेपर्यंत. परतीच्या पाईपात तर ओढण्याचीही गरज नाही, तो आधीच भरलेला असतो. वीज गेली की पंप थांबतो, पण थांबलेला पंप म्हणजे बंद दरवाजा नव्हे. त्याच्या पंख्यामधून पाणी सुखाने उलटे उतरते. वरच्या टाकीतले पाणी पाईपाचे तोंड उघडे पडून त्यात हवा शिरेपर्यंत खाली येत राहते.

त्या रात्री मी दुकान बंद करून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. चार फूट गुणिले दीड फूट, म्हणजे सहा चौरस फूट. इतक्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे अर्धा घनफूट, सुमारे १४ लिटर. तोंड सहा इंच खाली, म्हणजे ८४ लिटर खाली येणार. खालची टाकी तीन फूट बाय एक फूट, तिच्यात इंचाला ७ लिटर मावतात. उंची १५ इंच, त्यात १० इंच पाणी आधीच होते. रिकामी जागा पाच इंच, म्हणजे ३५ लिटर. चौऱ्याऐंशीतून पस्तीस वजा केले तर एकोणपन्नास. हे एकोणपन्नास लिटर माझ्या फरशीवर येणार हे टाकी बसवली त्या दिवशीच ठरलेले होते. वादळाने फक्त तारीख ठरवली.

चाळीस वर्षे आणे-पैशांचा, मीटर-सेंटिमीटरचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा पाच मिनिटांचा गुणाकार आधी का सुचला नाही, याची शरम वाटली. आणि त्या मुलाला तो तोंडपाठ होता.

मग झडपेचे काय झाले? पाईप खोलला तेव्हा एनआरव्हीच्या झडपेखाली शेवाळाची एक तार आणि हरभऱ्याएवढी गोगलगाय अडकलेली निघाली. पहिल्या दिवशी नव्या पाण्यात ती झडप चोख बसत होती. दोन महिन्यांत तिथे शेवाळ धरले. आपल्याकडचे पाणी जड असेल तर क्षाराचा थरही बसतो. म्हणून अनुभवाने सांगतो, माशांच्या टाकीत एनआरव्ही हा दुसरा चौकीदार समजावा, पहिला नव्हे. पहिला चौकीदार म्हणजे पाईपाच्या तोंडाची उंची. ती कधी झोपत नाही, तिला गोगलगाय अडत नाही.

या निमित्ताने मुंबईची एक आठवण होते. तरुणपणी मूळजी जेठा मार्केटला माल घ्यायला जायचो, तेव्हा शेजारी शेख मेमन स्ट्रीटवरच्या जुम्मा मशिदीत नमाजला जात असू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. हौजाला खालच्या झऱ्यांचे पाणी, आणि त्यात मासे. ना पंप, ना पाईप. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही हौजात मासे दिसतात. तिथले पाणी कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून केवळ उताराच्या जोरावर आणलेले आहे. त्या उस्तादांनी पाण्याला कुठेही त्याच्या स्वभावाविरुद्ध नेले नाही, म्हणून शतके गेली तरी हौज सांडला नाही की आटला नाही असे वाटत राहते. आपण पाणी पाच फूट वर ढकलतो आणि ते ढकलण्याचे काम दुसऱ्या गावाहून येणाऱ्या तारेवर सोपवतो. मग ती तार तुटली तर काय, हा प्रश्न पाईप कापण्याच्या आधी विचारला पाहिजे.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. काय बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. पंधराशे रुपये दिले, आणि काम पुन्हा कर, यावेळी तू सांगशील तसे, असे म्हणालो. तो दोन दिवसांनी आला.

त्याने केलेले काम कारागीर बंधूंनी नीट वाचावे असे आहे. परतीचे तोंड त्याने चालत्या पाण्याच्या पातळीपासून फक्त एक इंच खाली आणले. शिवाय त्याच पाईपाला अर्धा इंच खोलीवर दोन सुतांचे एक भोक पाडले. पाणी भोकापर्यंत उतरले की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोक शेवाळाने बुजू शकते, तेव्हा ते महिन्याला काडीने साफ करायचे. पण बुजले तरी तोंड एका इंचावर आहेच. आता जास्तीत जास्त १४ लिटर खाली येतात, वर कोपऱ्यातल्या खणाचे आणि पाईपातले थोडे. खालच्या टाकीत त्याने पाणी आठ इंचांवर ठेवले आणि काचेवर तांबडी रेघ मारली. पंप चालू असताना या रेघेच्या वर पाणी भरायचे नाही. रेघेच्या वर सात इंच, म्हणजे ४९ लिटरची जागा रिकामी. बिलबुके मी दुसरीकडे नेली आणि कपाटाचा दरवाजा असा केला की रेघ रोज दिसावी.

पाईप त्याने एक इंची टाकला. यामागचे कारण मला आता कळले. पाईपाचा व्यास निम्मा केला की आतली जागा पाव होते. तेवढेच पाणी चौपट वेगाने जावे लागते आणि घर्षण तर तीसएक पट वाढते. पंप तोच, वीज तीच, पण ताकद पाईपाच्या भिंती घासण्यात जाते. पंपाच्या खोक्यावर लिहिलेले असते ३,००० लिटर तासाला आणि उंची ३ मीटर. आपण समजतो की ३ मीटरवर ३,००० लिटर मिळतील. तसे नाही. ३,००० लिटर हे शून्य उंचीवरचे, आणि ३ मीटरवर पाणी फक्त पोहोचते, पडत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, एकत्र मात्र खरे नाहीत. कापडाच्या पट्टीवर ‘पनहा ५८ इंच’ लिहून धुतल्यावर ५५ भरतो, त्यातलाच हा प्रकार.

खरे किती पाणी येते ते पाहायला त्याने बादली वापरली. १५ लिटरची बादली जुन्या अर्ध्या इंची पाईपातून भरायला ५० सेकंद लागले होते. नव्या पाईपातून ३० सेकंद, म्हणजे तासाला १,८०० लिटर. टाकीतले पाणी तासात सातेक वेळा फिरते. पाच ते दहा वेळा फिरले तर चांगले समजतात. त्याने काटकोनी एल्बोही एक काढून टाकला आणि त्या जागी दोन अर्ध्या कोनाचे लावले, म्हणजे पाणी भिंतीवर आदळण्याऐवजी वळते. पंपाच्या वर एक युनियन आणि त्यानंतर एक बॉल व्हॉल्व्ह दिला. पंप साफ करायचा तर पाईप कापावा लागत नाही, युनियन फिरवली की पंप हातात. प्रवाह कमी करायचा असेल तर तो पंपाच्या पुढच्या बाजूला, व्हॉल्व्हने. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला कधीही आवळू नये, पंप गुदमरतो. पंप आणि पक्का पाईप यांच्यामध्ये वीतभर मऊ नळीचा तुकडा टाकल्याने रात्रीची घरघर बंद झाली, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट, कारण दुपारी मी गादीवर थोडा पडतो.

आणखी एक हिशेब त्याने मला करायला लावला, जो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. वीज गेली तर खालची टाकी सांडते, हे झाले. पण उतरणारा पाईप पानाने किंवा माशाने बुजला आणि पंप चालूच राहिला तर? मग वरची टाकी सांडेल. पंपाच्या खणात जेवढे पाणी आहे तेवढे सगळे तो वर चढवील. म्हणून त्या खणात पंपाला ओढता येईल असे पाणी वरच्या टाकीच्या रिकाम्या जागेपेक्षा कमी असले पाहिजे. आमचा खण फूट बाय फूट, पंपाच्या तोंडावर पाच इंच पाणी, म्हणजे साधारण १२ लिटर. वर काठापर्यंत दीड इंच जागा, म्हणजे २१ लिटर. बुजले तरी फरशी कोरडी. त्याने सांडव्याच्या पाईपात हाताने कापडाचा बोळा कोंबून हे दाखवले. पंपाने खण उपसला, कोरडा झाल्यावर खरखर करू लागला, वरचे पाणी काठाच्या खाली थांबले. त्याने लगेच पंप बंद केला, कारण कोरडा चालला तर तो जळतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात हा कोरडा पंप विसरू नये. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उघड्या टाकीतून रोज पाणी उडते. गंमत अशी की वरच्या टाकीत ते दिसत नाही. सांडव्यामुळे वरची पातळी तशीच राहते, घट सगळी खालच्या पंपाच्या खणात येते. माणूस वर पाहून समाधानी आणि खाली पंप हवा ओढतो आहे. मे महिन्यात सकाळी दुकान उघडल्यावर गल्ल्याच्या आधी मी ती तांबडी रेघ पाहतो.

पाईप साधा पांढरा पीव्हीसी चालतो. जोडाचा सिमेंट पूर्ण वाळू द्यावा, एक दिवस थांबावे, मग साध्या पाण्याने धुऊन घ्यावे, साबण लावू नये. घरच्या नळाच्या सवयीने पितळी व्हॉल्व्ह, तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी तुकडा कुठेही घालू नये, हे धातू पाण्यात उतरतात आणि माशांना बाधतात, झिंगे-गोगलगायींना तर आधी. विजेच्या वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळावरून गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय टाकीत हात घालू नये. यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मी कारागिराला ३,००० वर आणले तेव्हा माझी कल्पना होती की पाईप जोडणे म्हणजे मजुरी, तासावर मोजायची. पाईप कापायला आणि चिकटवायला त्याला एक दिवस लागला हे खरे. पण तोंड किती खाली ठेवावे, खाली किती जागा रिकामी सोडावी, हे ठरवायला त्याला जे ज्ञान लागले ते मी फुकट समजलो, आणि फुकट समजलो म्हणून ऐकले नाही. ज्याचा पैसा दिला जात नाही त्याचे ऐकलेही जात नाही, हे आपल्या सर्व धंद्यांत आहे. शिंप्याचे कापणे, रंगाऱ्याची मात्रा, सुताराचा सांधा, सगळीकडे आपण दिसणाऱ्या मालाला मोल देतो आणि न दिसणाऱ्या हुनराला घासतो. घामाची मजुरी अडवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे, तरी मी ती अडवली, आणि वर त्याची अब्रूही घेतली. पंधराशे रुपये परत देता आले. बसस्थानकापर्यंत गेलेली गोष्ट परत आणता येत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आता स्वतःहून सांगतो की चूक माझी होती, पण वाईट बातमी जितक्या पायांनी चालते तितके पाय या बातमीला नाहीत.

कारागीर बंधूंनाही दोन शब्द. त्या मुलाने मला सांगितले होते, पण तोंडी सांगितले, आणि मी नाही म्हणताच माझ्या म्हणण्याप्रमाणे काम करून दिले. मोठ्या माणसापुढे नाही कसे म्हणायचे, ही आपल्या मुलांची अडचण मला समजते. पण “चाचा, असे हवे असेल तर दुसरा कारागीर पाहा” एवढे म्हणण्याचा त्याला हक्क होता, आणि म्हटले असते तर माझा माल वाचला असता. ते जमत नसेल तर अंदाजपत्रकावर लिहावे. पाईपाचा व्यास, तोंडाची खोली, खालची रिकामी जागा, आणि गिऱ्हाइकाने यातले काय बदलायला लावले. खाली गिऱ्हाइकाची सही. कागदावर सही करताना माणूस विचार करतो, निदान मी तरी केला असता. आणि पैसे घेण्याआधी दोन चाचण्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कराव्यात. एनआरव्ही काढून वीज बंद करावी, आणि उतरणारा पाईप बुजवून पंप चालू ठेवावा. दोन्ही वेळा फरशी कोरडी राहिली तरच काम पुरे झाले.

या कामाला आमच्याकडे आता मागणी आहे. दवाखाने, हॉटेल, मोबाइलची दुकाने टाक्या बसवतात. काच कापणारा, कपाट करणारा सुतार, वीजवाला आणि नळवाला असे चौघे मिळून एक काम होते. आपल्या वस्तीत हे चारही हुनर आहेत, पण प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो आणि जबाबदारी कुणाचीच नसते. चौघांनी मिळून एक भाव, एक कागद आणि एक वर्षाची हमी दिली तर गिऱ्हाईक नागपूरला जाणार नाही.

तो मुलगा या कामाचे आता ६,००० घेतो. मागच्या महिन्यात वडशाच्या एका कपडा व्यापाऱ्याने मला फोन करून विचारले की भाव थोडा कमी होईल का, तुमच्या ओळखीचा आहे म्हणे. मी त्यांना विचारले, माल जमिनीवर ठेवता की पाटावर?